डबाबंद माशांचा धंदा आणि स्वस्त आयात: ड्युटी मागण्याआधी काय तपासायचं

प्रश्न बडोद्यातल्याच एका ताईंचा आहे. त्यांच्या सासरचा सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासे डबाबंद करण्याचा छोटा कारखाना आहे आणि विक्री, हिशेब मकरपुऱ्याच्या ऑफिसातून चालतो. कुप्पा (ट्यूना) आणि तारली (सार्डिन) हे त्यांचे दोन मुख्य माल. थायलंडहून येणारे ट्यूनाचे डबे त्यांच्यापेक्षा स्वस्त मिळतात आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांनी ऑर्डर कमी केली आहे. त्यांनी विचारलंय: आयातीवर जास्त ड्युटी लागावी म्हणून आम्ही काय करायचं? अँटी-डंपिंग (परदेशी कारखान्यानं घरच्या भावापेक्षा कमी भावानं पाठवलेल्या मालावरची जादा ड्युटी) मिळेल का? वेळ किती लागेल, खर्च किती येईल?

ताई, मी कॉस्ट अकाउंटंट आहे आणि आयातीविरुद्धच्या अर्जांची आकडेमोड हे माझं बरंचसं काम. बडोद्याला हा विषय नवा नाही. आपल्या शहराभोवती केमिकलचे कारखाने आहेत आणि जीएसएफसी या इथल्या खत-रसायन कंपनीनं मेलामाइनसाठी अँटी-डंपिंगचे अर्ज केलेले आहेत. पण तिथे एकच मोठा उत्पादक असतो, त्याचं कॉस्टिंग खातं असतं, दिल्लीत ये-जा असते. माशांच्या डब्यात छोटे छोटे कारखाने, हंगामी कच्चा माल आणि कच्ची वही. म्हणून केमिकलवाल्यांनी केलं तसंच आपण करू, हा हिशेब इथे बसत नाही.

थोडक्यात उत्तर असं: अँटी-डंपिंग मिळू शकतं, पण तुमची पहिली पायरी ती नव्हे. तुमचा डबा आणि त्यांचा डबा यांच्या भावातला फरक नेमका कशामुळे पडतो, ते आधी शोधा. त्यातला काही भाग त्यांच्या लबाडीचा असेल, काही त्यांच्या आकारमानाचा, काही आपल्याच देशातल्या डब्याच्या पत्र्याचा. कायदा फक्त पहिल्या भागाविरुद्ध भिंत बांधून देतो.

आज काय ड्युटी आहे ते बघू. डबाबंद मासे 1604 या शीर्षकात येतात, ट्यूना 160414, तारली 160413. मूळ सीमाशुल्क 30 टक्के, त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे बंदरात 100 रुपयांना पडलेला माल 133 ला होतो. वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो, पण तो व्यापाऱ्याला क्रेडिटमध्ये परत मिळतो, म्हणून तो धरू नका. 33 टक्के ही लहान भिंत नाही. ती ओलांडूनही थायलंडचा डबा तुमच्याखाली विकला जात असेल, तर दोन शक्यता. एक तर तो खरोखरच इतका स्वस्त आहे, नाहीतर त्यानं ती भिंत ओलांडलीच नाही, करारातल्या सवलतीच्या दारानं आत आलाय. या दोन्हींवरचे उपाय वेगळे. वाणिज्य मंत्रालयाची देशवार आयातीची आकडेवारी आठ अंकी कोडवर बघता येते. वजन आणि मूल्य दोन्ही मिळतं, त्यावरून किलोचा भाव काढा. मग आसियान (थायलंडसह आग्नेय आशियातल्या देशांचा गट) कराराची सवलत देणारी 46/2011 ही सीमाशुल्क अधिसूचना उघडून तुमच्या नेमक्या आठ अंकी कोडसमोर काय लिहिलंय ते वाचा. सहा अंकांवर थांबू नका, कारण सवलत पुष्कळदा शेवटच्या दोन अंकांत असते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते तुमच्या ऑफिसात बसून करता येण्यासारखं आहे. दोन्ही डबे उघडून निथळलेलं वजन घ्या.

डब्यावर 185 ग्रॅम लिहिलेलं असतं. ते मासा आणि मिठाचं पाणी किंवा तेल मिळून असतं. गिऱ्हाईक पैसे माशाचे देतं. मोजण्याची आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातली पद्धत अशी: डबे किमान 12 तास 20 ते 30 अंशांत राहू द्यायचे. 2.8 मिलिमीटर चौकोनी भोकांची गोल चाळण घ्यायची आणि आधी ती कोरडी तोलायची. डबा उघडून माल चाळणीवर सारखा पसरायचा, बोटांनी दाबायचा नाही. चाळण 17 ते 20 अंश तिरकी धरायची, दोन मिनिटं निथळू द्यायची आणि पुन्हा तोलायची. चाळणीचं वजन वजा केलं की उरला तो मासा. एका डब्यावर विश्वास ठेवू नका. त्याच लॉट नंबरचे निदान सहा घ्या आणि प्रत्येकाचं वजन लॉट नंबरासकट वहीत लिहा. झाकणांचे फोटो काढा.

उदाहरणासाठी आकडे धरू. तुमचा डबा 160 रुपयांचा आणि त्यात 130 ग्रॅम मासा. त्यांचा 140 रुपयांचा आणि त्यात 111 ग्रॅम. तुमच्या 100 ग्रॅम माशाला 123 रुपये पडले, त्यांच्या 100 ग्रॅमला 126. शेल्फवर वीस रुपयांनी स्वस्त दिसणारा डबा प्रत्यक्षात महाग आहे! असं निघालं, तर तुमची लढाई ड्युटीची नाही, लेबलची आणि विक्रीची आहे. द्रवात पॅक केलेल्या खाद्यपदार्थावर निव्वळ वजनासोबत निथळलेलं वजन छापणं एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 2020 च्या लेबलिंग नियमांत बंधनकारक आहे. आयात डब्यावर ते नसेल, किंवा छापलेलं आणि निघालेलं यांत तफावत असेल, तर तक्रारीला पाया आहे. दुकानातल्या मालासाठी वैधमापन खातं, बंदरातल्या मालासाठी एफएसएसएआयचे आयात अधिकारी. बंदरावर आणखी एक नियम कामाला येतो: माल सुटताना त्याची 60 टक्के शेल्फ लाइफ किंवा संपायला तीन महिने, यांतलं जे कमी असेल तितकं तरी शिल्लक हवं. मुदत संपत आलेला माल मातीमोल भावात आपल्या बाजारात येतो, तेव्हा झाकणावरची तारीख हीच तुमची साक्ष.

हॉटेल आणि हॉस्टेलच्या मेसला माल देत असाल, तर 100 ग्रॅम माशाच्या भावाचा हा हिशेब तक्ता करून छापा आणि सोबत न्या. फतेगंजच्या दुकानातलं किरकोळ गिऱ्हाईक कदाचित तो वाचणार नाही, पण मेसचा कंत्राटदार ताटामागे हिशेब करतो, त्याला तो लगेच कळतो.

तक्त्यानंतरही त्यांचा मासा स्वस्तच निघाला, तर पुढचा प्रश्न: तो मासा कोणाचा? थायलंड हा डबाबंद ट्यूनाचा जगातला सगळ्यांत मोठा निर्यातदार. पण तिथल्या कारखान्यांत शिजणारा बराचसा स्किपजॅक (ट्यूनाची एक जात) पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमध्ये दुसऱ्या देशांच्या बोटींनी पकडलेला, गोठवून आणलेला असतो. आसियान करारात सवलत मिळण्यासाठी मालात 35 टक्के मूल्य करारातल्या देशांचं असावं लागतं आणि शिवाय सहा अंकी शीर्षक बदलावं लागतं. गोठवलेला मासा 0303 मधून 1604 मध्ये गेला की दुसरी अट सहज पुरी होते. अडचण पहिल्या अटीची. डब्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा माशाचा, आणि मासाच बाहेरचा असेल तर पत्रा, तेल, मजुरी आणि नफा मिळून 35 टक्के भरतात का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

तो विचारण्याची सोय 21 सप्टेंबर 2020 पासून आपल्याकडे आहे. कॅरोटार नावाच्या नियमांनुसार सवलत मागणाऱ्या आयातदारानं उत्पत्तीची माहिती स्वतःजवळ ठेवायची असते आणि ती पाच वर्षं जपायची असते. केवळ प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. कस्टम्सला शंका आली तर ते माहिती मागू शकतात, निर्यातदार देशाकडे पडताळणीला पाठवू शकतात आणि उत्तर समाधानकारक नसेल तर सवलत नाकारू शकतात. तुम्ही थेट पक्षकार नसता, पण माल ज्या बंदरात उतरतो तिथल्या कस्टम्स आयुक्तांना मुद्देसूद पत्र देऊ शकता. ‘स्वस्त आयातीमुळे आम्ही बुडालो’ असं लिहू नका. कोड लिहा, किलोचा भाव लिहा, त्या महिन्यातला बँकॉकचा स्किपजॅकचा भाव लिहा (तो जगभर मोजपट्टी म्हणून वापरतात), मासा साफ झाल्यावर निम्म्याहून कमीच डब्यात जातो हे लिहा आणि मग 35 टक्क्यांचं गणित मांडून दाखवा. अधिकाऱ्याला ट्यूनाची माहिती नसते. ती तुमच्याकडे आहे.

आता पत्रा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण छोट्या कारखान्यांचे हिशेब बघताना मला सगळ्यांत जास्त हळहळ इथेच वाटते. तारलीसारख्या स्वस्त माशात रिकामा डबा आणि झाकण मिळून मासळीपेक्षा जास्त किमतीचे असू शकतात. हे आजचं दुखणं नाही. केरळात 1950 आणि 60 च्या दशकांत कोळंबी डबाबंद करून परदेशी जायची. नंतर तो सगळा धंदा गोठवण्याकडे वळला, आणि त्यामागच्या कारणांत महागडा डबा होताच.

गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखं आहे: आपल्या देशात आयातीविरुद्ध संरक्षण मिळालेल्या पहिल्या मालांत टिनप्लेट, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेला डब्यांचा पत्रा, होती. 1923 साली टॅरिफ बोर्ड (कोणत्या उद्योगाला संरक्षण द्यावं हे तपासणारं मंडळ) बसलं आणि 1924 च्या पोलाद संरक्षण कायद्यात टिनप्लेटही आली. तेव्हा जमशेदपूरजवळ गोलमुरीला नवा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि त्याचं मुख्य काम रॉकेलच्या डब्यांचा पत्रा. आज शंभर वर्षांनंतरही देशात टिनप्लेट बनवणारे मोजकेच आहेत. 2020 साली टिनप्लेटवर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) गुणवत्ता आदेशाचा निर्णय झाला, म्हणजे परदेशी गिरणीलाही भारतीय परवाना लागणार, तेव्हा डबे बनवणाऱ्यांनी पुरवठा आकसेल अशी ओरड केली होती. पत्रा बनवणाऱ्याला मिळालेलं प्रत्येक संरक्षण डब्याच्या भावात उतरतं आणि तो भाव तुम्ही भरता. बाहेरून भरून आलेल्या डब्याला मात्र हा पत्रा लागत नाही. म्हणजे तुमच्या मालावर 33 टक्के संरक्षण आहे खरं, पण त्यातला एक हिस्सा पत्र्यानं आधीच खाल्लेला असतो. दिल्लीला निवेदन द्याल तेव्हा ‘तयार डब्यावर ड्युटी वाढवा’ याच्या जोडीला ‘अन्नप्रक्रियेच्या पत्र्यावरची अडवणूक कमी करा’ ही मागणी घाला. दुसरी मागणी पहिलीपेक्षा लवकर ऐकली जाते, असं माझं मत आहे, कारण तिच्यामुळे गिऱ्हाइकाला माल महाग होत नाही.

पत्र्याचं आणखी एक. सप्टेंबर 2025 पासून डबाबंद माशांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण रिकाम्या डब्यावर 18 टक्केच आहे. तुमचं क्रेडिट साठत जाणार. सीजीएसटी कायद्याच्या कलम 54(3) खाली उलट्या करदराचा परतावा मागता येतो, दोन वर्षांच्या आत. छोट्या कारखान्यांत ही रक्कम वर्षानुवर्षं पडून राहते आणि मालक बँकेचं व्याज भरत असतो. तुम्ही निर्यातही करत असाल तर ॲडव्हान्स ऑथोरायझेशनवर (निर्यातीच्या मालासाठीच्या आयात परवान्यावर) पत्रा बिनड्युटी आणता येतो. आणि देशी बाजारासाठी रिटॉर्ट पाउचचा, म्हणजे डब्याऐवजी वापरायच्या, माल आत ठेवूनच शिजवता येणाऱ्या पिशवीचा विचार करा. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं भारतीय माशांसाठी पाउचवर पुष्कळ काम केलंय, वेरावळला त्यांचं संशोधन केंद्र आहे. पाउच पातळ असल्यानं उष्णता आतपर्यंत लवकर पोचते, गॅस वाचतो आणि माशाचा पोत चांगला राहतो. मशीनचा वेग कमी असतो, ही त्याची खरी मर्यादा.

हे सगळं करूनही फरक उरला, आणि तो अन्यायानं उरलाय असा तुमचा संशय असेल, तर अँटी-डंपिंगकडे वळा.

डंपिंग म्हणजे स्वस्त विकणं नव्हे. थाई कारखाना थायलंडमध्ये ज्या भावानं विकतो, त्यापेक्षा कमी भावानं भारताला विकत असेल तर ते डंपिंग. दोन्ही भाव कारखान्याच्या दारापर्यंत आणून, म्हणजे भाडं, विमा, कमिशन वजा करून ताडून बघायचे. तो मोठ्या प्रमाणावर काम करतो, काळं मांस मांजरांच्या खाद्याला विकून पैसे करतो, म्हणून स्वस्त आहे, तर ते डंपिंग नाही, चांगला धंदा आहे. फरक 2 टक्क्यांपेक्षा कमी निघाला तर चौकशी तिथेच थांबते. एका देशाची आयात एकूण आयातीच्या 3 टक्क्यांहून कमी असेल तरीही बहुधा तेच होतं.

अर्ज वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआर कार्यालयात करायचा. हे 2018 पासूनचं नाव. कायदा 1975 चा कस्टम्स टॅरिफ ॲक्ट, कलम 9ए, आणि 1995 चे नियम. अर्जाला सरकारी फी नाही. खर्च सल्लागाराचा, कॉस्टिंगचा आणि दिल्लीच्या फेऱ्यांचा. चौकशी सुरू झाल्यापासून निकालाला 12 महिने, फार तर आणखी 6. डीजीटीआर फक्त शिफारस करतं, ड्युटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय तीन महिन्यांत ठरवतं आणि गेल्या काही वर्षांत त्यांनी बऱ्याच शिफारशी मान्य केलेल्या नाहीत. लागली तर पाच वर्षं. म्हणजे आज तयारीला लागलात तरी दोन मासेमारीचे हंगाम मध्ये जाणार, हे धरून चाला. तोवर कारखाना चालू ठेवायचाय.

अर्ज कोण करू शकतो, यात छोटे उद्योग अडकतात. पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या निदान 25 टक्के हवं आणि विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त हवं. तुम्ही एकट्यानं ते होणार नाही. वेरावळ, मंगळूर, कोची, तुतिकोरीन अशा ठिकाणच्या लोकांना धरून संघटनेमार्फत यावं लागेल. त्यात एक धोका आहे तो पहिल्याच भेटीत विचारून घ्या: तुमच्यातला कोणी स्वतः तोच माल आयात करतो का? जून आणि जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर 61 दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा गिऱ्हाईक तुटू नये म्हणून काही जण बाहेरचे डबे आणून आपलं लेबल लावतात. नियमांत अशा उत्पादकाला ‘देशी उद्योग’ या व्याख्येतून वगळता येतं आणि तो वगळला गेला की तुमचे 25 टक्के कोसळू शकतात.

मालाची व्याख्या नीट लिहा. अमेरिकेत 2003 च्या अखेरीस कोळंबीवाल्यांनी अर्ज केला तेव्हा गोठवलेली आणि डबाबंद, दोन्ही कोळंबी त्यात घातली होती. तिथल्या आयोगानं डबाबंद कोळंबी हा वेगळा माल धरला, त्यात नुकसान सिद्ध होत नाही म्हणाले आणि तो भाग गळाला. गोठवलेल्या कोळंबीवर 2005 साली लागलेली ड्युटी मात्र आपल्या आंध्रच्या निर्यातदारांना आजही छळते. तुमच्या अर्जात ट्यूना आणि तारली एकत्र घालू नका, हे दोन वेगळे माल आहेत. उलट तेलातला ट्यूना आणि पाण्यातला ट्यूना वेगळे करू नका. अमेरिकेत तेलातल्या ट्यूनाच्या डब्यांवर 35 टक्के ड्युटी आहे आणि पाण्यातल्यावर कोट्यात 6, कोट्याबाहेर साडेबारा. साहजिकच बाहेरून येतो तो मुख्यतः पाण्यातला. एका दारावर कुलूप लावलं आणि शेजारचं उघडं ठेवलं तर माल शेजारून येतो.

मग नुकसान दाखवायचं. चौकशीचं एक वर्ष आणि त्याआधीची तीन वर्षं: उत्पादन, क्षमतेचा वापर, विक्री, साठा, नफा-तोटा, माणसं. आणि हे नुकसान आयातीमुळेच झालं, हेही. इथे समोरचा वकील लगेच मासळीच्या टंचाईवर बोट ठेवतो. केरळात 2012 साली तारली जवळपास 4 लाख टन मिळाली होती, 2021 साली 3,300 टनांच्या आसपास. अशा वर्षी कारखाना बंद पडला तर तो दोष थायलंडचा कसा? म्हणून कोणत्या दिवशी मासाच नव्हता, कोणत्या दिवशी मासा होता पण ऑर्डर नव्हती, याची नोंद वेगळी हवी. रोजच्या रजिस्टरात एक रकाना वाढवा आणि सुपरवायझरला लिहायला लावा. एका ओळीचं काम आहे, पण नंतर मागून तयार करता येत नाही.

कॉस्ट शीटची अवस्था मी ओळखून आहे. ‘कन्झ्युमेबल्स’ या एका खात्याखाली डबा, झाकण, तेल, मीठ, लेबल, बॉयलरचा गॅस, सगळं. सीमिंगला (झाकण बसवताना) फुटलेले डबे कुठे दाखवलेलेच नाहीत. डोकी आणि काळं मांस फिशमीलवाल्याला विकल्याचे पैसे ‘इतर उत्पन्नात’, म्हणजे माशाचा खर्च फुगलेला. डीजीटीआर तुमचा रास्त भाव स्वतः काढतं आणि त्यात गुंतवलेल्या भांडवलावर 22 टक्के परतावा धरतं. पण कच्च्या मालाचा उतारा (किलोमागे निघणारा तयार माल) आणि क्षमतेचा वापर या चार वर्षांतला तुमचा सर्वोत्तम धरतात. एका वर्षी तुम्ही किलोमागे चांगला उतारा काढला असेल, तर बाकीच्या वर्षांची नासाडी आयातदारावर टाकता येत नाही. मग डंपिंगचा फरक आणि नुकसानीचा फरक (तुमचा रास्त भाव आणि आयात मालाचा इथे पडणारा भाव यांतलं अंतर) यांतला जो लहान तेवढीच ड्युटी. म्हणून आकडे फुगवून काही मिळत नाही. डबा, झाकण, तेल, गॅस वेगळे करा, गोल (अख्ख्या) माशापासून डब्यातल्या माशापर्यंतचा उतारा लॉटवार लिहा आणि उपपदार्थाचे पैसे माशाच्या खर्चातून वजा करा. अर्ज करा वा न करा, भाव सांगताना याचा उपयोग होईलच.

सेफगार्ड ड्युटीचं कोणी सुचवलं असेल तर एवढंच सांगतो. त्यात डंपिंग सिद्ध करावं लागत नाही, पण आयात अचानक आणि जोरात वाढलेली दाखवावी लागते. अर्जेंटिनानं डबाबंद पीचवर अशी ड्युटी लावली होती, ती 2003 साली जागतिक व्यापार संघटनेत टिकली नाही. आयात वाढल्याचं त्यांना धड दाखवता आलं नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेल्या आयातीला हे औषध नाही. मासे हे त्याच संघटनेच्या शेतीच्या करारातही मोडत नाहीत, त्यामुळे शेतमालासाठीची खास संरक्षणं आपल्याला लागू होत नाहीत. नावाच्या नियमांवर भिंत बांधायचा प्रयत्न युरोपनं केला होता, फक्त त्यांच्याच जातीला सार्डिन म्हणता येईल असा. पेरूनं 2002 साली तो खटला जिंकला. आपल्या तारलीलाही कोडेक्सच्या त्याच यादीत सार्डिन म्हणून जागा आहे, त्यामुळे त्या निकालाचा आपल्याला फायदाच आहे.

गुणवत्तेची तपासणी मात्र जरूर मागा. कुप्पा बर्फाविना राहिला की हिस्टामिन (विषबाधा करणारा पदार्थ) वाढतं आणि रिटॉर्टमध्ये शिजवूनही ते जात नाही. तपासणी आयात डब्यांची कडक व्हावी असं वाटत असेल, तर आधी स्वतःच्या प्रत्येक लॉटचा रिपोर्ट हातात ठेवा. तोच निकष तुम्हालाही लागणार.

1921-22 च्या फिस्कल कमिशननं (ब्रिटिश काळातल्या आयात-कर धोरणाच्या आयोगानं) संरक्षण मागणाऱ्या उद्योगाला तीन अटी घातल्या होत्या. तिसरी अशी की पुढे कधीतरी तो उद्योग संरक्षणाविना उभा राहू शकेल असं दिसलं पाहिजे. कायद्यात आज ती अट नाही, पण अर्थ मंत्रालयात बसलेला अधिकारी मनातल्या मनात तेच विचारतो. तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे. मासा तुमच्या दारात उतरतो, पॅक करणाऱ्या बायकांचा हात वर्षानुवर्षांचा बसलेला आहे, देशी बाजार वाढतोय. आणि बडोद्याचा या किनाऱ्याशी संबंध जुना आहे. ओखामंडळ बडोदे संस्थानात होतं आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेलकडून तिथल्या सागरी संपत्तीची पाहणी करून घेतली होती. त्या किनाऱ्यावरचा धंदा टिकावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहिलंय.

क्रमानं सांगायचं तर या महिन्यात डब्यांचं निथळलेलं वजन आणि आठ अंकी कोडचा शोध. पुढच्या तिमाहीत कॉस्ट शीट दुरुस्त करणं आणि जीएसटीचा परतावा. त्याच वेळी बाकीच्या कारखान्यांशी बोलणं. सगळे मिळूनही 25 टक्के भरत नसतील, तर अँटी-डंपिंगवर एक रुपयाही खर्च करू नका आणि उत्पत्तीच्या पडताळणीचं पत्र कस्टम्सला द्या. भरत असतील, तर चार वर्षांची ट्रायल बॅलन्स, लॉट रजिस्टर आणि खरेदीची बिलं घेऊन या, दांडिया बाजारात ऑफिसात बसू. रजिस्टर जसंच्या तसं आणा, फेअर कॉपी करू नका. चौकशी अधिकारी कारखान्यावर येऊन मूळ वहीच मागतात.